दोन इंचांखालचे सफरचंद

वनस्पतिशास्त्र हे गंभीर शास्त्र असून त्याच्या निर्णयांमागे पुंकेसर, किंजल, बीजकोश इत्यादी गहन गोष्टींचा ऊहापोह असतो, असा सामान्य जनांचा समज आहे. परंतु सफरचंद कशास म्हणावे आणि क्रॅबॲपल कशास म्हणावे, या प्रश्नाचा निकाल लावण्याची जी रीत उद्यानपंडितांनी पत्करली आहे ती पाहता, हे प्रकरण त्यांनी शास्त्रज्ञांकडे न पाठविता परस्पर मोजणी खात्याकडे वर्ग केले असावे असे वाटल्यावाचून राहत नाही. कुल एक, फुलांची ठेवण एक, फळ आडवे कापले असता आत दिसणारी पाच कप्प्यांची चांदणीही एकच. भेद इतकाच की, फळाचा व्यास दोन इंचांहून अधिक भरला तर ते सफरचंद, आणि दोन इंच किंवा त्याहून कमी भरला तर ते क्रॅबॲपल. ज्या साली पाऊस बेताचा पडेल त्या साली एकाच झाडाच्या वरच्या फांदीवर सफरचंदे आणि खालच्या फांदीवर क्रॅबॲपले लागावीत, यास या व्याख्येची काही हरकत दिसत नाही. कॅनडाच्या मैदानी प्रदेशातील मंडळींना ही अडचण जाणवली असावी; कारण त्यांनी या दोन हुद्द्यांच्या मधोमध 'ॲपलक्रॅब' अशी एक नायबाची जागा निर्माण केली असून, 'रेस्क्यू', 'केर' इत्यादी जे वाण मोठ्यांच्या पंक्तीला बसविणे धाडसाचे आणि लहानांच्या पंक्तीला बसविणे अन्यायाचे, त्यांची तेथे सोय लावून दिली आहे.

हा प्रपंच मला ठाऊक होण्याचे कारण असे की, माझा एक पुतण्या कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील सस्काटून या शहरी नोकरीनिमित्त स्थायिक झाला असून, त्याने विकत घेतलेल्या घराच्या परसात आधीच्या मालकाने लावलेले 'डॉल्गो' नावाच्या वाणाचे क्रॅबॲपलचे एक ऐन भरातील झाड आहे, आणि त्या झाडाच्या सहवासात एक उन्हाळा काढण्याचा योग मला आला. त्या प्रदेशातील थंडीचे वर्णन करण्याचे काम मी पुतण्यावर सोपवितो, कारण तो ते फार चवीने करतो. मी एवढेच नमूद करतो की, सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन मापांचे, जगातील कोणत्याही तपमानाविषयी एरवी एकमत होत नसता, उणे चाळीस या एका आकड्यावर मात्र दोघांची दिलजमाई होते. आणि सस्काटूनच्या कडक हिवाळ्यात पारा या तहाच्या जागेच्या आसपास जाऊन येतो. अशा ठिकाणी झाड लावणे हा बागकामाचा भाग नसून श्रद्धेचा भाग होय.

या श्रद्धेचे पवित्र ग्रंथ म्हणजे रोपवाटिकांच्या सूची. आपल्याकडे आंबेवाला पेटीवर हात ठेवून प्रथम गोडीची शपथ घेतो, मग वासाची, मग रत्नागिरीची की देवगडची याची. झाड जगते की मरते हा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारलाच तर तो त्यास वेड्यांत काढील. उत्तरेकडच्या सूचीत हा क्रम पायापासून डोक्याकडे लावलेला असतो. पहिल्या ओळीत, ठळक अक्षरांत, झाड कोणत्या शीतविभागापर्यंत तग धरते याचा आकडा. हा आकडा जितका लहान तितकी झाडाची अब्रू मोठी. डॉल्गोच्या नावापुढे सामान्यतः तीन आणि काही धाडसी विक्रेत्यांकडे दोनही लिहिलेला आढळतो. दुसऱ्या ओळीत, या झाडास कोणकोणते रोग होत नाहीत त्यांची यादी. खपली आणि 'फायर ब्लाइट' नावाचा जिवाणूजन्य करपा हे त्यांतील दोन प्रमुख आरोपी. तिसऱ्या ओळीत फुलोऱ्याची स्तुती. चौथीत फळ केव्हा तयार होते याची तारीख. आणि वाचक कागद उलटणार इतक्यात, अगदी शेवटी, चवीविषयी दोन शब्द: 'स्वयंपाकास उत्तम'. या दोन शब्दांत जे सांगितले आहे त्याहून जे सांगायचे टाळले आहे ते अधिक मोलाचे असते, हे डॉल्गोचे फळ झाडावरून तोडून थेट तोंडात टाकणारास तत्काळ कळते. कचेरीतून बदली होऊन चाललेल्या कारकुनाला साहेबाने दिलेल्या शिफारसपत्राची येथे आठवण व्हावी: 'सदर इसम नित्य वेळेवर हजर असे.' कामाविषयी चकार शब्द नाही. परंतु उत्तर ध्रुवाकडे तोंड करून बसलेल्या या कचेरीत हजेरी हेच काम आहे.

हजेरी घेण्याचा विधीही मी पाहिला. मे महिन्यात, बर्फ वितळून चिखलही वाळत आला म्हणजे, गल्लीतील यच्चयावत बागवान आपापल्या परसात उतरतात आणि प्रत्येक झाडापुढे उभे राहून एखाद्या कोवळ्या फांदीची साल अंगठ्याच्या नखाने किंचित खरवडतात. खाली हिरवे दिसले तर झाड हजर. तपकिरी दिसले तर गैरहजर. आणि हिरवट-तपकिरी दिसले तर आणखी दोन आठवड्यांची मुदत. पुतण्याच्या शेजारी एक युक्रेनियन वंशाचे वयोवृद्ध गृहस्थ राहतात, ज्यांच्या आजोबांनी या प्रांतात नांगर धरला होता. त्यांनी मला आपली बाग मोठ्या अगत्याने दाखविली, परंतु ती दाखविताना त्यांनी जी माहिती दिली ती बहुतांशी न दिसणाऱ्या झाडांची होती. येथे एक पेअर होता, तो फेब्रुवारीत गेला. या कोपऱ्यात चेरी होती, तिची साल सशांनी बर्फाच्या उंचीपर्यंत गोलाकार खाल्ली. तेथे एक नामांकित सफरचंद होते, ते मात्र कोणी खाल्लेही नाही आणि गोठलेही नाही, त्याला येथे आवडलेच नसावे. शेवटी आपल्या क्रॅबॲपलच्या खोडावर थाप मारून ते म्हणाले, "हा गडी मात्र दर वसंतात इथेच असतो." त्यांच्या तोंडून निघालेला स्तुतीचा तो पहिला आणि शेवटचा शब्द होय.

आता या टणकपणाचा उगम पाहू गेल्यास सायबेरियापर्यंत जावे लागते. तेथील रानटी क्रॅबचे फळ वाटाण्याहून फार मोठे नाही, परंतु त्या झाडाला थंडी म्हणून काही असते हे कोणी सांगितलेले नसावे. विल्यम सॉन्डर्स नावाचा ऑन्टारिओतील एक औषधविक्या १८८६ साली कॅनडा सरकारच्या प्रायोगिक शेतांचा मुख्य अधिकारी झाला (सरकारी नेमणुका अशा विचित्रपणे कधीकधी यशस्वी होतात), आणि पुढच्याच साली त्याने सेंट पीटर्सबर्गहून या सायबेरियन क्रॅबचे बी आणविले. मैदानी प्रदेशात बाकीची सफरचंदे एका हिवाळ्यात कामास आली असता ही रोपे निर्विकारपणे उभी राहिली. तेव्हा १८९४ पासून सॉन्डर्सने त्यांचा संबंध मोठ्या फळांच्या घराण्यांशी जुळविण्यास आरंभ केला. अशा विवाहांत जे सर्वत्र होते तेच येथे झाले: संततीने टणकपणा सायबेरियाकडून घेतला, आकार दोन्ही घरांच्या मधोमध ठेवला, आणि चवीच्या बाबतीत पुन्हा सायबेरियाचीच बाजू धरली.

डॉल्गोची सनद याहून नाट्यपूर्ण आहे. नील्स हान्सेन हा डेन्मार्कमध्ये जन्मलेला आणि अमेरिकेच्या दक्षिण डकोटा संस्थानातील ब्रुकिंग्स येथील कृषिविद्यालयात अध्यापक असलेला गृहस्थ, थंडी आणि अवर्षण या दोहोंना दाद न देणाऱ्या वनस्पतींच्या शोधार्थ १८९७ साली अमेरिकन कृषिखात्याच्या हुकुमाने रशियाच्या मुलुखगिरीवर निघाला, आणि गाडीने, घसरगाडीने, मिळेल त्या वाहनाने मध्य आशिया आणि सायबेरिया धुंडाळून त्याने इतका माल मायदेशी रवाना केला की, त्याचे पेटारे आणि पावत्या सोडविता सोडविता राजधानीतील दप्तरदार मेटाकुटीस आले. त्या प्रवासात सेंट पीटर्सबर्गच्या बादशाही वनस्पतिउद्यानातून मिळालेल्या बियांतून जे रोप निघाले, त्याची वीस वर्षे उमेदवारी होऊन १९१७ साली ते डॉल्गो या नावाने बागवानांच्या हवाली करण्यात आले. ज्याच्या बागेतले बी, त्या बादशहाला त्याच वर्षी तख्त सोडावे लागले. झाड अद्याप कायम आहे.

आणि पीटर गिडियनची कथा तर मिनेसोटा संस्थानात पुराणासारखी सांगतात. या गृहस्थाने मिनेटॉन्का तळ्याकाठी वर्षानुवर्षे सफरचंदे लावली आणि तितकीच वर्षे ती गोठलेली पाहिली. अखेर एका क्रॅबच्या रोपाखेरीज बागेत काही उरले नाही आणि खिशात आठ डॉलरांखेरीज काही उरले नाही, तेव्हा त्याने हिवाळ्यासाठी कोट न घेता त्या आठ डॉलरांचे बी आणि कलमे मेन प्रांतातून मागविली, आणि दोन जुन्या जाकिटांना जुन्या विजारीचे पाय बाह्या म्हणून शिवून तो कोट अंगावर चढविला. त्या बियांतून निघालेल्या वाणास त्याने आपल्या पत्नीचे 'वेल्थी' हे नाव दिले. या साध्वीने विजारीच्या बाह्या पाहून काय उद्गार काढले ते इतिहासाने टिपून ठेवलेले नाही. तिचे नाव फळाला देण्यात क्षमायाचनेचा काही अंश असावा, असा माझा तर्क आहे. पुढे मिनेसोटा विद्यापीठाने या वेल्थीचा डॉल्गोशी संकर करून 'सेंटेनियल' नावाचा ॲपलक्रॅब १९५७ साली प्रसिद्ध केला, तो ऑगस्टमध्येच तयार होतो आणि, सूचीकारांना धक्का बसावा अशा रीतीने, नुसता खाताही येतो.

ऑगस्ट या महिन्याचे महत्त्व आपल्यासारख्यांना समजणे कठीण. सस्काटूनच्या परसात मे संपता संपता शेवटचे दव गोठते आणि सप्टेंबर अर्धा होतो न होतो तोच पहिले दव गोठते. या दोन फर्मानांच्या दरम्यान जो काय साडेतीन-चार महिन्यांचा अवधी मिळेल तेवढ्यात पालवणे, फुलणे, फळणे, पिकणे आणि पुन्हा निजण्याची तयारी करणे, ही सर्व कामे उरकावयाची असतात. 'ग्रॅनी स्मिथ' या हिरव्या सफरचंदास फुलापासून पिकण्यास सुमारे सहा महिने लागतात; म्हणजे येथे ही आजीबाई मेअखेर फुलली तर नोव्हेंबरच्या बर्फात आपला साजशृंगार आटोपीत बसेल. डॉल्गो मात्र ऑगस्ट सरता सरता दप्तर बांधून मोकळा. पुढचे दिवस त्याने फुकट घालविले असे कोणी समजू नये. दिवस लहान होऊ लागताच तो वाढ थांबवितो, काष्ठ पक्व करतो, पेशींत साखर साठवितो आणि त्यांतील पाणी बाहेर पेशींच्या मधल्या जागेत जाऊ देतो, जेणेकरून बर्फ व्हायचे ते तेथे होवो, पेशी फुटू नये. जी झाडे सप्टेंबरातही कोवळे शेंडे फोडीत बसतात त्यांचा निकाल पहिल्याच हिवाळ्यात लागतो. गंमत अशी की, जानेवारीच्या खोल थंडीपेक्षा फेब्रुवारी-मार्चचे ऊनच अधिक घातकी. दुपारी नैऋत्येकडची साल तापून जागी होते, सूर्य मावळताच गोठते आणि उभी चिरते. म्हणून पुष्कळ बागवान खोडाला पांढरा रंग फासतात किंवा कापड गुंडाळतात.

मोठ्या सफरचंदाच्या वैभवात या लहानाचा वाटा किती, याचा हिशेब कोणी मांडीत नाही. सफरचंदाच्या बहुतेक वाणांना स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. परक्या वाणाचा पराग लागतो, आणि तो पुरविण्यास विपुल फुलणाऱ्या क्रॅबसारखा दुसरा हरकाम्या नाही. हिमाचल प्रदेशातील बागांतही या कामासाठी क्रॅबची झाडे मुद्दाम लावतात, म्हणजे पुण्याच्या मार्केट यार्डात ज्या सफरचंदाचा भाव ऐकून आपण केळी घेऊन परततो, त्याच्याही जन्मास असा कोणी आंबट उपरा कारण झालेला असण्याचा संभव आहे. मैदानी प्रदेशात तर मोठे सफरचंद उभे असते तेही पुष्कळदा सायबेरियन क्रॅबच्या मुळांवर बांधलेल्या कलमावर. वर नाव एकाचे, खाली बर्फात पाय दुसऱ्याचे.

परंतु डॉल्गोची खरी परीक्षा, म्हणजे मालकाची, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात होते. फळ दिसावयास अतिशय देखणे: किंचित लांबट, दीड इंचाच्या आतबाहेर, आणि रंग असा लालभडक की पाहणारास ते मेणाचे वाटावे. हे हजारो देखणे जीव एकाच सप्ताहात पिकतात आणि पिकताच फांदी सोडतात. हिरवळीवर सडा पडतो, त्यावर गांधीलमाश्या जमतात, गवत कापण्याचे यंत्र फिरवावे तर ते फळांचा मारा करते, आणि अनवाणी चालण्याची सवय असलेल्या माणसाला परसातून विहिरीवर जावे तसे सहज जाणे अशक्य होते. शेजाऱ्यांना द्यावे म्हटले तर शेजाऱ्यांच्या परसातही झाडे आहेतच. या दिवसांत त्या गल्लीतील सभ्य, मनमिळाऊ माणसे एकमेकांना पाहून रस्त्याची बाजू बदलतात, आणि सकाळी दार उघडावे तर पायरीवर निनावी पिशवी ठेवलेली आढळते. पुतण्याने एका पहाटे अशी एक पिशवी गुपचूप कोपऱ्यावरच्या घराच्या ओट्यावर ठेवली. संध्याकाळी तीच, आणखी दोन शेर भर घालून, परत आली.

यावरचा सनातन उपाय म्हणजे जेली. शेजारच्या आजीबाईंनी ती विद्या पुतण्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या सूनबाईला, शिकविली. फळे धुवावीत, देठ काढावेत, पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवावीत, आणि सगळा लगदा फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवावा. सकाळी खाली जो माणकासारखा रस जमेल त्यात जवळजवळ बरोबरीने साखर घालून आटवावे. क्रॅबमध्ये पेक्टिन इतके असते की निराळे घालावे लागत नाही. थेंब थंड बशीत टाकून बोटाने सरकविला असता सुरकुतला की जेली झाली. सूनबाईने चक्क्याचे फडके काढले, ते स्वयंपाकघरातील कपाटाच्या मुठीस टांगले, आणि येथवर सर्व यथासांग पार पडले. परंतु आजीबाईंची शेवटची आज्ञा अशी होती की, फडके पिळावयाचे नाही. पिळले की रस गढूळ होतो, आणि तेथील जत्रांत परीक्षक बाटली उजेडासमोर धरून जेलीची पारख करतात. आता, जी ज्ञाती फडक्यात बांधलेली वस्तू, मग ती दही असो की खवलेला नारळ, शेवटच्या थेंबापर्यंत पिळल्याशिवाय सोडीत नाही, तिच्यातील एका गृहिणीस समोर रसाने तट्ट फुगलेले गाठोडे रात्रभर लोंबकळत असता स्वस्थ निजण्यास सांगणे, हे हठयोगाहून कमी नव्हे. मध्यरात्री स्वयंपाकघरात दिवा लागला. मी विचारपूस केली नाही. सकाळची जेली रुचकर होती. उजेडासमोर धरण्याचा आग्रह मात्र घरात कोणी केला नाही.

ज्यांना यातले काहीच करावे लागत नाही असे या फळाचे खरे भोक्ते हिवाळ्यात येतात. डॉल्गो आपला भार लवकर टाकतो, परंतु रस्त्याकडेच्या शोभेच्या क्रॅबांची बारीक फळे बर्फातही फांदीला चिकटून राहतात, गोठतात, उन्हाने सैल होतात, पुन्हा गोठतात आणि अखेर आंबतात. बोहेमियन वॅक्सविंग नावाचे तुरेवाले पक्षी मग थव्याथव्याने उतरतात आणि आकंठ प्राशन करून खिडक्यांच्या काचांवर आपटतात. या पक्ष्यांचे यकृत देहाच्या मानाने पुष्कळ मोठे असते, असे पक्षिशास्त्रज्ञ सांगतात. सृष्टिनियंत्याने स्वभाव आधी पाहून मग अवयव दिले याचे हे दुर्मिळ उदाहरण होय.

जेलीच्या बाटल्यांनी कपाट भरले आणि तरीही परसातील सडा कमी होईना, तेव्हा सूनबाईने परंपरेकडे मोहरा वळविला. अर्ध्या फळांचा गूळ आणि मेथ्या घालून मेथांबा झाला, आणि तो इतका उतरला की या फळाच्या जन्माचे प्रयोजन सायबेरियात कोणाला कळलेच नव्हते असे माझे मत झाले. उरलेल्यांचे मोहरीची डाळ, हिंग, हळद आणि सढळ हाताने तिखट घालून अख्ख्या फळांचे लोणचे पडले. रीतीप्रमाणे त्याची एक बरणी घेऊन आम्ही शेजारच्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी बरणी उजेडासमोर धरली, आरपार काहीच दिसेना तेव्हा झाकण उघडून एक फळ काट्याने उचलले, आणि सौजन्य म्हणून ते संपूर्ण चघळले. त्यांचा चेहरा फळाच्या रंगाचा झाला. पाण्याचे दोन पेले रिकामे होईपर्यंत कोणी काही बोलले नाही.

"चांगले आहे," असे ते शेवटी म्हणाले. परंतु सूचीतल्या शेवटच्या ओळीत म्हणतात तसे.

"काका, त्यांना सांगा ना, मुरल्यावर जरा शांत होते," सूनबाई हळूच म्हणाली. मी ते सांगितले, आणि ओला चमचा घातला नाही तर हे दोन वर्षे सहज टिकते, हेही ओघाने सांगितले.

गृहस्थांनी पेला खाली ठेवला. "दोन हिवाळे?"

"दोन."

"तळघरात? न गरम करता?"

मी होकार देताच त्यांनी झाकण घट्ट लावले, बरणी माझ्या हातून घेतली आणि आपल्या पत्नीला हाक मारून म्हणाले, "फळीवर पुढच्या बाजूला जागा कर."